पितरांच्या पाटीवरचे मामा

मालकीणबाईंनी नाव विचारलं आणि सेइझोने ते आडनावासकट सांगितलं. तिथेच ठिणगी पडली.

"कुवाबारा. सेइझो कुवाबारा."

गरम झऱ्यांच्या त्या सराईच्या दारात जोडे काढता काढता काझुनोरी थबकला. एक पाय जोड्यात, एक पायरीवर. त्याने आईकडे असं पाहिलं, जणू तिनेच पढवून आणलं होतं. तोयोने पाहून न पाहिल्यासारखं केलं. ती खाली वाकून भावाच्या बुटांच्या नाड्या सोडत होती. घाट चढताना गाडीत मुलाने पुन्हापुन्हा बजावलं होतं, "आई, मामांचं नाव ओकी म्हणूनच सांगायचं हं. त्यांनाही तीच सवय आहे." सवय! चौदा वर्षांच्या पोराला बेटावर उतरवलं त्याच दिवशी त्याचं नाव काढून घेतलं, घरच्यांना डाग नको म्हणून दुसरंच एक चिकटवलं, आणि हा त्याला सवय म्हणतो. सेइझो तेव्हा खिडकीबाहेरची लाल झाडी बघत गप्प बसला होता. तोयोला वाटलं होतं, ऐकलंच नाही त्याने.

"कुवाबारासाहेब, या, या," मालकीणबाई गुडघ्यांवर बसून लवल्या. "म्हणजे आपण बाईंचे...?"

"थोरला भाऊ," तोयो म्हणाली.

"वा! सत्तरीच्या सोहळ्याला थोरले बंधू. दुधात साखरच की." बोलता बोलता त्यांची नजर सेइझोच्या हातांवर गेली. बोटं आत वळलेली, दोन तर पेरापाशीच संपलेली. नजर तिथे अडखळली आणि लगेच उठली. धंद्यात मुरलेली बाई. तिने त्याची पिशवी उचलली आणि पुढे चालू लागली.

खोली नदीच्या अंगाला होती. सून एत्सुकोने चहा केला. नात चिनात्सु दाराजवळ बसली, आणि मामाआजोबांच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवून आल्यासारखी सारखी चटईकडे बघत राहिली. सराईचा सुती किमोनो सेइझोने अंगावर चढवला, पण कंबरपट्टा त्याला बांधता येईना. तोयोने बांधला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा खुलला होता.

"तोयो, ते कुंड अजून तसंच असेल का गं? देवदाराच्या फळ्यांचं? कोपऱ्यात दगडी बेडूक होता, त्याच्या तोंडातून पाणी पडायचं."

"मला काय ठाऊक? पुरुषांच्या बाजूचं ते."

"बाबा मला मानेपर्यंत बसवायचे. त्यांचं गाणं संपेपर्यंत उठू द्यायचे नाहीत. आणि गाणं बेसूर!"

भाताची कापणी झाली की बाबा थोरल्या मुलाला घेऊन इथे येत, म्हणून तर तोयोने सत्तरीसाठी हीच सराई धरली होती. त्याच बाबांनी पुढे काय केलं, ते तोयो विसरली नव्हती. आरोग्य खात्याची माणसं पोराला रोग्यांच्या बेटावर घेऊन गेली, जाताना घरभर, अंगणभर, पार गल्लीपर्यंत पांढरी पूड फवारून गेली. महारोग कुणाच्या घरात आहे हे आंधळ्यालाही दिसावं अशी. गावाने पाणी तोडलं. मग बाबांनी पोर फुफ्फुसाच्या दुखण्याने तिकडेच गेलं असं सांगितलं आणि पितरांच्या देवघरात त्याच्या नावाची पाटी बसवली. जिवंत पोराची. वारस गेला म्हणून तोयोला वारस केलं, तिला घरजावई आणला. त्या घरात काझुनोरी वाढला, उपमुख्याध्यापक झाला. नवरा गेल्यावर तोयो देवदर्शनाच्या नावाखाली बेटावर जाऊ लागली. या वसंतात कोर्टाचा निकाल लागला, टीव्हीवर सरकारने माफी मागितली, तेव्हा कुठे तिने हातातला भाताचा वाडगा खाली ठेवून घरात सांगितलं: तुमचे मामा जिवंत आहेत.

"मी जरा खाली सिगारेट ओढून येतो," काझुनोरी म्हणाला आणि गेला.

तो परत आला, आणि पाठोपाठ मालकीणबाई आल्या. दाराबाहेरच बसल्या. हात चटईवर टेकले.

"एक विनंती आहे. सांगताना जीभ जड होतेय. काही पाहुण्यांना जरा... अवघड वाटतंय. मोठ्या कुंडात एकत्र अंघोळ असते ना. कुवाबारासाहेबांसाठी आम्ही इथेच गरम पाण्याचं घंगाळ पाठवू. जेवणही सगळ्यांचं खोलीतच मांडू. गैरसमज नसावा."

तोयो तोंड उघडणार, तोच सेइझो वाकला. कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकला.

"हरकत नाही. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

इतक्या पटकन, इतक्या सराईतपणे. दुकानदाराने सुटे पैसे परत करावेत तसं. ते वाकणं बघून तोयोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर हेच करायला लावलं याला. बोटीवर चढायला नको म्हटलं की वाक, दुकानात येऊ नको म्हटलं की वाक.

"आभारी आहोत," काझुनोरी मालकिणीला म्हणाला. "तुम्ही अगदी समजून घेतलंत."

आभारी! तोयोने मुलाकडे पाहिलं. तो चहाच्या पेल्यात बघत होता.

मालकीणबाई जिन्यापर्यंत पोचल्या नसतील, तोयोने त्यांना गाठलं. सत्तरीची बाई, पण पोटऱ्या शेतातल्या.

"कोण ते पाहुणे? नावं सांगा. मी स्वतः बोलते त्यांच्याशी."

"बाई, तसं नका करू..."

"का नको? त्यांनी बोललेलं चालतं, मी बोललेलं चालत नाही? माझा भाऊ बरा होऊन पन्नास वर्षं झाली. डॉक्टर सांगतात, सरकार सांगतं. तुमचे पाहुणे काय सरकारच्या वर? दाखवा खोली!"

मालकीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग तोयोचा दंड धरून तिला कपड्यांच्या कपाटाआड नेलं.

"कोणी पाहुणा बोललेला नाही," त्या हळू म्हणाल्या. "तुमचे चिरंजीव आले होते खाली. म्हणाले, ते कुंडात जाणार नाहीत असं बघा, पण निरोप तुमच्याकडून जाऊ दे. आईचं मन दुखायला नको."

"काझुनोरी?"

"आणि म्हणाले..." बाई अडखळल्या. "म्हणाले, ते आमचे कोणी नाहीत. आईच्या गावचे कोणी ओळखीचे आहेत, वयामुळे डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून आमचंच आडनाव सांगतात, आणि आईही दया येऊन त्यांना भाऊ म्हणते."

कुठल्या तरी खोलीतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. तोयोने कपाटाच्या कडेला हात टेकला.

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"पाहुण्याचं मन राखायचं, हाच आमचा धंदा."

"कोणत्या पाहुण्याचं?" तोयो म्हणाली. "तुम्ही ज्याची पिशवी उचललीत, तो कोण होता?"

 तोयो उत्तरासाठी थांबली नाही.

ती खोलीत आली तेव्हा ताटं मांडून झाली होती. मिठात भाजलेले मासे, रानभाज्या, छोट्या शेगडीवर रटरटणारं टोफू. सत्तरीचा मान म्हणून तिच्यासाठी जांभळं जाकीट घडी करून ठेवलं होतं. सेइझो आपल्या वाकड्या दांड्याच्या चमच्याने टोफू उचलायच्या खटपटीत होता. तोयोने ते जाकीट उचललं आणि कोपऱ्यात भिरकावलं.

"आई!" काझुनोरी दचकला.

"हा कोण आहे रे तुझा?" तिने भावाकडे बोट केलं.

"आई, बस. ताट थंड होतंय."

"होऊ दे. हा कोण? आमचा कोणी नाही? गावचा वेडा? तसंच सांगून आलास ना खाली?"

 एत्सुकोने हातातली मद्याची सुरई खाली ठेवली. काझुनोरीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"मग काय करणार होतो मी?" तो उसळला. "दारातच आडनाव सांगून बसले! या सराईत आमच्या गावातली अर्धी माणसं येतात. चिनात्सुच्या सासरी साखरपुड्याचे नजराणे येत्या वसंतात जायचेत. दातांचे डॉक्टर आहेत ते लोक. त्यांच्या कानावर गेलं तर? मोडलं लग्न तर कोण जबाबदार? तू? टीव्हीवर माफी मागितली म्हणून लोकांची मनं बदलली का? माझ्या शाळेतले पालक मला..."

"तुझी शाळा गेली खड्ड्यात!"

"आजी," चिनात्सु चटईकडेच बघत म्हणाली, "लग्न झाल्यावर सांगितलं असतंस तर..."

हा घाव तोयोला अपेक्षित नव्हता. नात आपल्या बाजूची, असं ती गृहीत धरून बसली होती. लहानपणी आजीच्या पांघरुणात झोपणारी पोर.  आता आपण एकटे, असं वाटून ती खाली बसली. सून तर काय, नवऱ्याचीच री ओढणार. लग्न होऊन आल्यापासून दोघींचं कधी पटलं नव्हतं. लोणच्यातल्या मिठावरून सुद्धा नाही.

"मला एक सांगा," एत्सुको म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "ते आपले कोणी नाहीत म्हणालात ना? मग मी रोज सकाळी कोणापुढे भात ठेवते?"

"म्हणजे?" काझुनोरीने विचारलं.

"देवघरात. पाट्यांपुढे. लग्न होऊन आले त्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दाखवलं, हे आजेसासरे, ह्या आजेसासूबाई, आणि ही लहान पाटी मामेसासऱ्यांची, चौदाव्या वर्षी गेले. मला वाईट वाटायचं. माझ्या बाळंतपणात आमचा पहिला गेला ना, तेव्हापासून मी त्या पाटीपुढे थोडा जास्तच भात ठेवत आले. वाटायचं, तिकडे दोघं एकमेकांच्या सोबतीला असतील. पोरं पोरं. आणि हे तिकडे बेटावर जिवंत! एवढी वर्षं मी जिवंत माणसाचं श्राद्ध घालत होते. तुम्ही आज म्हणता, आपले नाहीत. आणि सासूबाई, तुम्ही! तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही माझ्या शेजारी बसून हात जोडायचात. मला ठेवू दिलात तो भात!"

 तोयोने मान खाली घातली. सुनेसमोर मान खाली घालायची तिची ही पहिलीच वेळ.

"लोक काय म्हणतील ते तुम्हीच बघा," एत्सुको नवऱ्याला म्हणाली. "पण त्या पाटीपुढे उद्यापासून भात तुम्ही ठेवायचा. माझ्या हाताला आता तो उचलवणार नाही."

"बास," सेइझो म्हणाला.

एवढा वेळ तो कुणाच्या लक्षातच राहिला नव्हता. त्याने चमचा ताटात टाकला.

"माझ्यावरून भांडताय, आणि मला कोणी विचारत नाही. पोरी, तुझं चुकलं नाही," तो चिनात्सुला म्हणाला. "मलाही एखादी लेक असती तर मीही तिच्या लग्नाला घाबरलो असतो. पण तिथे लग्न करायचं तर आधी पुरुषावर शस्त्रक्रिया करत, पोर होऊच नये म्हणून. तेव्हा ती काळजी मला पडली नाही." मग तो काझुनोरीकडे वळला. "तू जन्मायच्या आधीपासून मी बरा आहे रे. तुला गोवर झाला असेल, खरूज झाली असेल, मी तेव्हाही बराच होतो. मी इथे अंघोळीला आलोय. वाकलो ती माझी खोड आहे. खोड मोडायला वेळ लागतो. आता मी जाणार."

तो उठला. पण दारापाशी थांबला, आणि पुढचं बोलताना त्याचा आवाज खाली आला. "पाणी कोणीतरी बघायला हवं. मला हातापायाला ऊन-गार कळत नाही. मागे एकदा पोटऱ्या शिजून निघाल्या होत्या."

सगळ्यांनी काझुनोरीकडे पाहिलं. पुरुषांच्या बाजूला तोच जाऊ शकत होता. तो जागचा हलला नाही.

"मी बघते," तोयो म्हणाली.

"आई! पुरुषांची बाजू आहे ती! लोक काय..."

"पुन्हा लोक!" तिने किमोनोच्या बाह्या दोरीने बांधून टाकल्या होत्या. "लोकांना म्हणावं, डोळे मिटा."

निळ्या पडद्यापर्यंत एत्सुको त्यांच्याबरोबर आली आणि पडद्यापुढे पाठ करून उभी राहिली. आत एकच म्हातारा डोक्यावर ओला पंचा घेऊन पाण्यात बसला होता. बाई आत आलेली बघून तो गळ्यापर्यंत बुडाला.

"अहो बाई! अहो!"

"बसा निवांत. मी सत्तरीची आहे. तुमचं बघून मला काय मिळणार आहे?"

म्हातारा आधी चरकला, मग खदखदून हसला आणि तोंड फिरवून बसला. त्याने सेइझोच्या हातांकडे पाहिलं की नाही, तोयोला कळलं नाही. "आज पाणी कडक आहे हं," एवढंच तो म्हणाला.

कुंड देवदाराच्या फळ्यांचंच होतं. बेडूक मात्र नव्हता, साधा नळ होता. तोयोने बाहेर भावाची पाठ घासली. लहानपणी तो तिची घासायचा. मग कोपरापर्यंत हात घालून पाणी पाहिलं, थंड पाण्याचा नळ सोडला, लाकडी वल्ह्याने ढवळलं, पुन्हा पाहिलं. सेइझो कडेला उकिडवा बसून वाट बघत होता. हाडं दिसत होती. मग ती म्हणाली, "ये." तो उतरला.

पाय गेले, पोटऱ्या गेल्या, तोंडावर काहीच उमटलं नाही. छाती बुडाली, मान बुडाली, आणि त्याने डोळे मिटले.

"लागतंय," तो म्हणाला. "तोयो, मानेला लागतंय गं. छातीला पण. ऊन आहे."

"हो."

 तोयोला वाटलं, आता तो रडेल. पण त्याने डोळे उघडले ते रागाने.

"एवढंच होतं हे? गरम पाणी?" त्याने वळलेल्या मुठीने पाण्यावर फटका मारला. "एवढंसं! हे एवढंसं त्यांना मला द्यायचं नव्हतं! काय कमी होणार होतं गं त्यांचं? कोणाचं काय जाणार होतं?" आणि पुन्हा मारला, पुन्हा मारला. पाणी तोयोच्या तोंडावर, म्हाताऱ्याच्या पाठीवर उडत राहिलं. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं नाही. तोयोने भावाला थांबवलं नाही. सगळ्या जन्मात तिने त्याला चिडलेलं पाहिलं नव्हतं.

बाहेर पडद्यापाशी कोणीतरी आलं होतं. एत्सुकोचा आवाज आला, वर्गात बोलावं तसा स्वच्छ: "आत माझे मामेसासरे अंघोळ करताहेत. तुम्हाला जायचं तर जा, थांबायचं तर थांबा. काय म्हणालात? हो, तोच रोग होता. माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीच बरा झालाय. आणखी काही?"

तो माणूस आत आला नाही. परत गेला असावा. तो कोण, हे एत्सुकोने पुढे कधीच सांगितलं नाही.

सकाळच्या जेवणाला सगळे बसले. चिनात्सुने सेइझोच्या माशातले काटे काढून दिले, आणि काढता काढताच, बापाकडे न बघता म्हणाली, "बाबा, मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगणार आहे. नको म्हणाले तर नको. रडेन मी, पण सांगेन. फक्त एकच कसं सांगायचं ते मला कळत नाही. आमचे एक आजोबा आहेत हे सांगता येईल. त्यांना माझ्या बाबांनी ‘आमचे कोणी नाहीत’ म्हटलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"

काझुनोरीने वाडगा खाली ठेवला. भात तसाच होता.

निघताना मालकीणबाई आणि सराईतल्या बायका दारात ओळीने बसल्या होत्या. आणखीही पाहुणे निघायच्या गडबडीत होते, कोणी जोडे घालत होतं, कोणी छत्री शोधत होतं. काझुनोरी आईला ओलांडून पुढे झाला. कान लाल झाले होते. मालकीणबाईंसमोर उभा राहून तो पुटपुटला, "काल मी तुम्हाला खोटं सांगितलं. हे माझे मामा आहेत. आमच्याच घरचे."

मालकीणबाईंनी मान लववली. तेवढ्यावर सुटलो असं वाटून काझुनोरी जोड्यांकडे वळला.

"नीट ऐकू आलं नाही," सेइझो मागून म्हणाला. "वय झालं माझं. मोठ्याने बोल."

काझुनोरीने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. कोणीही त्याच्या मदतीला आलं नाही. सेइझोचे कान खारीसारखे तिखट होते, बेटावर रात्री आलेली बोट तो आवाजावरून ओळखायचा, हे तोयोला पक्कं ठाऊक होतं. ती खाली वाकून भावाच्या बुटांच्या नाड्या बांधू लागली. सावकाश.

दारातली माणसं थांबून बघत होती. काझुनोरीने श्वास घेतला आणि शाळेच्या पटांगणावर सूचना देतो तशा आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.